उत्प्रेरक म्हणजे ठिणगी नव्हे

प्रश्न असा की रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या कॅटॅलिस्टला ‘उत्प्रेरक’च म्हणायचं की नुसतं ‘प्रेरक’ चालेल, आणि ‘ती घटना बंडाला उत्प्रेरक ठरली’ हे वाक्य बरोबर का. वाक्य चूक! हल्ली कुठे ठिणगी पडली की लगेच उत्प्रेरक. अहो, त्याला ‘निमित्त’ असा छान शब्द आहे, तो काय गंजला? ठिणगी पेटवते नि विझून जाते, उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा परत हाती येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड एरवी बाटलीत महिनोन्‌महिने गुमान बसतं, त्यात चिमूटभर काळं मँगनीज डायऑक्साइड टाका, लगेच फसफसून ऑक्सिजन सुटायला लागतो, आणि सगळं निवल्यावर ती पूड गाळून, सुकवून तोलली तर तेवढीच भरते.

आता खरी गंमत. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं १८३५ मध्ये ‘कॅटॅलिसिस’ हा शब्द ग्रीकवरून घडवला, ‘काता’ म्हणजे खाली आणि ‘ल्यूएइन’ म्हणजे सोडवणं, सैल करणं. आपला शब्द उत् + प्र + ईर्. उत् म्हणजे वर. ईर् म्हणजे हलणं, हलवणं, ‘समीर’मधला ईर् तोच, म्हणजे वारा आणि उत्प्रेरक सख्खे भाऊ! पण बघा, ग्रीक खाली सोडतायत आणि आपण वर ढकलतोय. प्रत्यक्षात उत्प्रेरक रेणूंना ढकलत नाहीच, अभिक्रिया होण्यासाठी रेणूंना जो ऊर्जेचा डोंगर चढावा लागतो, त्यात कमी उंचीची खिंड काढून देतो. पेरॉक्साइडचा डोंगर साधारण ७५ किलोजूल प्रति मोल, प्लॅटिनम असेल तर ४९च्या आसपास, मग त्याच तापमानाला कितीतरी जास्त रेणू पार होतात, म्हणून वेग वाढतो. खिंड दोन्हीकडून खुली असल्यानं उलटी अभिक्रियाही तितक्याच पटीनं वाढते, त्यामुळे माल जास्त नाही मिळत, लवकर मिळतो. माझं तर मत, ‘उत्’ऐवजी ‘अव’, म्हणजे खाली, हवा होता. बर्झेलियसला या डोंगराचा पत्ताही नव्हता, अऱ्हेनियसनं तो मांडला १८८९ मध्ये, तरी ‘काता’ कसा चपखल बसला!

आणि वेग कमी करणाऱ्या पदार्थाला ‘ऋण उत्प्रेरक’ लिहिणाऱ्या पुस्तककर्त्यांना एकदा विचारायचंय, तुम्ही आणखी उंच वाट काढली तरी जुनी वाट बंद होते का? रेणू आपले जुन्याच वाटेनं जातील. वेग मंदावणारा पदार्थ वेगळाच उद्योग करतो, अभिक्रियेत मध्येच तयार होणाऱ्या चपळ कणांना पकडून ठेवतो आणि बऱ्याचदा त्यात स्वतःच खर्ची पडतो. त्याला निरोधक म्हणा, रसायनशास्त्रातल्या संज्ञा ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था आययूपॅकसुद्धा तेच सांगते.

हां, ‘प्रेरक’ राहिलाच. तो भाषणांना ठेवा.