शेंबूड हिरवा का होतो?

प्रश्न : सर्दीत आधी नाक पाण्यासारखं वाहतं, मग तीन-चार दिवसांनी शेंबूड घट्ट आणि हिरवट होतो. हा रंग जंतूंचा का? अशा वेळी अँटिबायोटिक घ्यावं का?

उत्तर : रंग जंतूंचा नाही, तुमचाच आहे. माझी ३४ वर्षं लॅबमध्ये स्लाइडी बघण्यात गेली. शेंबूड, थुंकी, पू हे विषय मी जेवतानाही काढते, अशी घरच्यांची तक्रार आहे.

लीशमन स्टेन केलेल्या, म्हणजे पेशी ओळखू याव्यात म्हणून रंगवलेल्या रक्ताच्या स्लाइडवर पांढऱ्या पेशींत सहसा सगळ्यांत जास्त दिसतात त्या न्यूट्रोफिल. केंद्रक तीन-चार मणी ओवल्यासारखं आणि अंगभर बारीक रवा. त्या रव्यातच एन्झाइमं, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिनं भरलेली. पेशी जंतू गिळते, त्याच्याभोवती पिशवी बनते आणि रवा आपला माल तिच्यात ओततो. त्यातलं लायसोझाइम जंतूची भिंत तोडतं. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगना ते सापडलं शेंबडातच, पेनिसिलिनच्याही आधी!

पण रव्यातला मुख्य गडी मायलोपेरॉक्सिडेज हे एन्झाइम. पेशी ऑक्सिजनपासून हायड्रोजन पेरॉक्साइड करते. हे एन्झाइम ते आणि मिठातला क्लोराइड घेऊन हायपोक्लोरस आम्ल बनवतं. ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो तेव्हा पाण्यात जंतू मारणारं आम्ल हेच. म्हणजे प्रत्येक पेशीत एक पिटुकली विहीर आणि तिला लागेल तेवढं टीसीएल.

या एन्झाइमातही हिमोग्लोबिनसारखं लोह असतं, पण रंग लाल नाही, हिरवा. १९४१ मध्ये स्वीडनच्या शेल आग्नेर यांनी ते वेगळं केलं तेव्हा नावच ‘व्हर्डोपेरॉक्सिडेज’ ठेवलं. व्हर्डो म्हणजे हिरवं. नाकात न्यूट्रोफिलची गर्दी झाली, त्या मरून पडल्या की तोच रंग रुमालावर येतो.

साधी सर्दी विषाणूंची असते आणि तिच्यातही शेंबूड हिरवा होतोच. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, तेव्हा नुसता रंग बघून मेडिकलमधून गोळ्या आणू नका. दहा दिवस उलटूनही उतार नसेल, जोराचा ताप आणि गालाच्या हाडात ठणका असेल किंवा बरं वाटून पुन्हा बिघडलं, तर डॉक्टरांना दाखवा.

जखमेच्या पट्टीवर मात्र निळसर हिरवा डाग आणि गोडसर वास आला, तर स्यूडोमोनास या जंतूचा संशय घ्यावा. तो रंग खरोखर जंतूचाच असतो. ती पट्टी फेकू नका, तशीच डॉक्टरांकडे न्या.