एक लाखात तेजोमेघ आणि दीर्घिकांचे फोटो काढायचे आहेत, कोणती दुर्बीण घेऊ?

तुमच्या प्रश्नातून मला एवढं समजलं : हाताशी कॅनन ७००डी आहे, एक लाखापर्यंत खर्चाची तयारी आहे, राहायला पुण्यात कोथरूडला आहात. आठ इंची दुर्बीण घ्यावी की सीस्टारसारखी स्मार्ट दुर्बीण (स्वतःच लक्ष्य शोधून फोटो काढणारी), यात अडकला आहात. माझं मत विचाराल तर यंदा दुर्बीण घेऊच नका. स्टार ट्रॅकर (आकाशाच्या वेगाने कॅमेरा फिरवत ठेवणारं छोटं यंत्र) घ्या, एक चांगली लेन्स घ्या, आणि उरलेले पैसे पेट्रोलला ठेवा.

दुर्बीण म्हटलं की आपण आरसा किती इंची ते आधी विचारतो. डोळ्यांनी बघायचं असेल तर ते बरोबरच आहे, कारण डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. कॅमेरा साठवतो. म्हणून फोटोच्या बाबतीत पहिला प्रश्न असा की तुमचं यंत्र एकाच ठिकाणी किती वेळ न चुकता बघत राहू शकतं. मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपरने ३० सप्टेंबर १८८० ला काढला, तेव्हा ५१ मिनिटं त्याची दुर्बीण त्या तेजोमेघामागे फिरत होती. १८८२ मध्ये त्याने तोच फोटो १३७ मिनिटांचा घेतला आणि कितीतरी जास्त विस्तार दिसला. आजही गणित तेच आहे, फक्त १३७ मिनिटं सलग न घेता आपण ती एकेका मिनिटाच्या तुकड्यांत घेतो.

आता तुमच्या कॅमेऱ्याचाच हिशोब करू. ७००डीचा एक पिक्सेल ४.३ मायक्रॉनचा आहे. त्याला २०६ ने गुणा आणि लेन्सच्या मिलिमीटरमधल्या फोकल लेंग्थने भागा, म्हणजे एका पिक्सेलमध्ये आकाशाचे किती विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) मावतात ते कळतं. आठ इंची एफ/५ न्यूटोनियनची, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीची, फोकल लेंग्थ साधारण १००० मिमी, म्हणजे पिक्सेलमागे ०.९ विकला. १३५ मिमी लेन्सला हाच आकडा ६.६ येतो. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं. म्हणजे १००० मिमीवर तारा एका सेकंदात सतरा पिक्सेल पळतो, १३५ वर दोन-सव्वादोन. माउंटची, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीची, प्रत्येक चूक याच प्रमाणात मोठी होऊन फोटोत उतरते. लेन्सवर जी चूक दिसतही नाही, तीच मोठ्या दुर्बिणीवर ताऱ्याचं अंडं करून टाकते.

हे मी स्वतः भोगलं आहे. २०१७ साली मी आठ इंची नळी आणि तिच्या वजनाला जेमतेम पुरणारं माउंट घेतलं. दुकानदाराने वजन चालेल असं सांगितलं होतं. डोळ्यांनी बघण्यापुरतं ते चाललंही. फोटोला मात्र नळी, कॅमेरा, गायडिंगची (माउंटची चूक सतत दुरुस्त करायला लागणारी) छोटी दुर्बीण असं सगळं चढवल्यावर जरा वारा आला की फ्रेम गेली. एक अख्खा हिवाळा मी वीस फ्रेम काढून सोळा टाकत होते. माउंटवर लिहिलेल्या कमाल वजनाच्या पन्नास-साठ टक्क्यांत फोटोचं सामान बसलं पाहिजे, हे तेव्हा कळलं. आठ इंची नळी नीट पेलेल असं माउंट तुमच्या एक लाखात नळीसकट बसणार नाही.

शिवाय फ्रेममध्ये काय मावतं तेही बघा. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश लांब आहे, म्हणजे सहा पौर्णिमेचे चंद्र शेजारी शेजारी ठेवावेत एवढी. १००० मिमीवर तुमच्या कॅमेऱ्याला जेमतेम सव्वा अंश दिसतो. सीस्टार एस५० ची चौकटही साधारण तेवढीच, तिला देवयानीसाठी मोझेक, म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून एक, करावा लागतो. १३५ मिमीवर मात्र नऊ अंशांहून रुंद पट्टा मिळतो. नवख्या माणसाला ज्या गोष्टी जमतात त्या बहुतेक मोठ्या आहेत : देवयानी, कृत्तिकांभोवतीची निळी धूळ, मृगाचा तेजोमेघ, वृश्चिकेत ज्येष्ठाभोवतीचे रंगीत ढग. लहान दीर्घिका आणि ग्रहीय तेजोमेघ पुढे येतील.

सीस्टारबद्दल माझ्या मनात अजिबात अढी नाही. घरात वृद्ध आई-वडील असतील, रात्रभर बाहेर राहता येत नसेल, गच्चीवरून अर्ध्या तासात काहीतरी दाखवायचं असेल, तर तिच्यासारखी सोय नाही. पण तुमच्याकडे कॅमेरा आहे आणि प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ‘मला हे शिकायचंय’ असं लिहिलंय. म्हणून ट्रॅकर.

स्काय-वॉचरचा स्टार अॅडव्हेंचरर किंवा त्याच्या तोडीचा कुठलाही ट्रॅकर चालेल. ट्रायपॉड मात्र जड घ्या, लग्नातल्या फोटोंचा हलका ट्रायपॉड पुरणार नाही. लेन्समध्ये सॅमयांगची १३५ मिमी एफ/२ ही खगोलछायाचित्रकारांची आवडती आहे, पूर्ण हाताने फोकस होणारी. वापरलेली मिळाली तरी चालेल. कॅमेऱ्यासोबत आलेली ५५-२५० पडून असेल तर पहिले दोन महिने तिच्यावरच काढा. इंटरव्हॅलोमीटर (एकामागून एक फोटो आपोआप काढणारा रिमोट), बॅटरीच्या जागी बसणारा डमी अडॅप्टर, आणि लेन्सला गुंडाळायचा यूएसबीवर चालणारा दव-पट्टा या तीन किरकोळ वस्तू विसरू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सह्याद्रीत दव इतकं पडतं की दीड तासात लेन्स पांढरी होते, आणि ते मागच्या स्क्रीनवर लवकर लक्षात येत नाही.

ध्रुव जुळवणीबद्दल, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखण्याबद्दल, इंग्रजी व्हिडिओंमध्ये एक गोष्ट सांगत नाहीत, कारण त्यांना ती अडचण नसते. पुण्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंशांवर असतो. डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी छान अंधारी जागा शोधलीत तर ध्रुव डोंगरामागेच राहतो. जागा निवडताना पहिल्यांदा उत्तर मोकळी आहे का ते बघा. शिवाय ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे दोन-तृतीयांश अंश बाजूला आहे, म्हणून तो ट्रॅकरच्या ध्रुव-दुर्बिणीत दिसणाऱ्या जाळीत मधोमध ठेवायचा नसतो. त्या वेळी तो वर्तुळावर कुठे असायला हवा ते मोबाइलमधलं अॅप दाखवतं, तिथे ठेवायचा. १३५ मिमीला एवढी जुळवणी मिनिटभराच्या एक्स्पोजरला पुरते.

आपल्या अक्षांशाचा फायदाही मोठा आहे. धनु राशीतला लगून तेजोमेघ लंडनहून जेमतेम चौदा अंश चढतो, पुण्याहून सत्तेचाळीस. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ त्यांना कधी दिसतच नाही, आपल्याला चोवीस अंशांवर दिसतो. अडचण एकच, धनु-वृश्चिक रात्रभर वर असतात तेव्हा आपल्याकडे पाऊस. म्हणून फेब्रुवारी-मार्चात पहाटे उठायचं, नाहीतर एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर.

पेट्रोलला पैसे ठेवा म्हटलं ते याचसाठी. शहराचं आकाश अंधाऱ्या गावापेक्षा सहज दहापट उजळ असतं. फिकट वस्तूच्या बाबतीत वेळही त्याच पटीत लागतो : वेल्ह्याच्या बाजूला एका तासात जे मिळेल त्याला कोथरूडच्या गच्चीवर दहा तास. रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते तेव्हा त्यांचा प्रकाश ठरावीक तरंगलांबीचा असायचा आणि फिल्टरने बराच गाळता यायचा. एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला, त्यामुळे ते जुने फिल्टर आता फारसे उपयोगाचे नाहीत. गच्चीवर सराव करा, फोकस आणि जुळवणी तिथेच हातात बसवा, पण खरी रात्र बाहेर काढा. एकट्याने नको. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, तिथल्या लोकांना भेटा. विदर्भात कुणी नातेवाईक असतील तर पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळालाय, तेही लक्षात ठेवा.

कॅमेरा मॉडिफाय करू का, म्हणजे सेन्सरवरचा फिल्टर काढून घेऊ का, असंही विचारलंय. सध्या नको. कॅमेऱ्यातला फिल्टर हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा लाल प्रकाश बराचसा अडवतो, त्यामुळे रोझेट किंवा कॅलिफोर्निया तेजोमेघ फिके येतील. देवयानी, कृत्तिका आणि मृग यांचं त्यावाचून अडत नाही.

आता प्रोसेसिंग, कारण निम्मा फोटो तिथे होतो. पहिली सुटी फ्रेम बघून हिरमोड होईल : तपकिरी आकाश आणि मधोमध एक पुसट डाग. सगळ्यांची तशीच असते. शंभर फ्रेमची सरासरी काढली की नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) दहापट कमी होतो. वर्गमुळाचा नियम आहे, म्हणून पहिल्या शंभरांनी जे मिळतं ते पुढच्या शंभरांनी मिळत नाही. आयएसओ ८०० किंवा १६००, एफ/२.८, साठ सेकंद, रॉ. दर दहा फ्रेमनंतर ट्रॅकरवरच्या कॅमेऱ्याचा रोख अगदी थोडा हलवा. न हलवल्यास सेन्सरचे गरम पिक्सेल ट्रॅकरच्या सावकाश सरकण्यामुळे एकाच दिशेच्या रेघा होऊन बसतात, आणि त्या नंतर कशानेही जात नाहीत.

फ्लॅट फ्रेमचा, म्हणजे कोपऱ्यातला अंधार आणि धुळीचे ठिपके घालवायला एकसारख्या उजेडाचे काढायचे फोटो, यांचा लोक कंटाळा करतात आणि मग कोपऱ्यातल्या अंधाराशी तासन् तास झगडतात. लेन्सवर पांढरा टी-शर्ट ताणून पहाटेच्या उजेडाकडे धरा आणि पंचवीस फोटो घ्या. फोकस, अॅपर्चर, लेन्सचा कॅमेऱ्याशी असलेला कोन, यातलं काहीही बदलता कामा नये. भंडारदऱ्याला एकदा थंडीने हात गोठले म्हणून मी कॅमेरा सोडवून गाडीत ठेवला, आणि फ्लॅट घरी येऊन काढले. धुळीचे ठिपके जागेवर राहिले नव्हते. तीन तासांच्या फ्रेममध्ये प्रत्येक ठिपक्याच्या दोन खुणा उमटल्या, एक काळी, एक पांढरी. बायस फ्रेम (कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सचा मूळ नॉइज टिपणाऱ्या) सोप्या : झाकण लावून १/४००० सेकंदाच्या पन्नास.

हे सगळं जोडायला सिरिल हे सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे आणि पुढची बहुतेक कामंही त्यातच होतात. डीप स्काय स्टॅकरही चांगलं, पण ते जोडण्यापुरतं. जोडलेली प्रतिमा जवळपास काळी दिसेल. सगळी माहिती हिस्टोग्रामच्या डाव्या टोकाला चिकटलेली असते. ती ताणायच्या, म्हणजे फिकट भाग उजळून दिसता करायच्या, आधी दोन कामं करायची. एक, शहराच्या बाजूने आलेला उजेडाचा उतार काढणं. ग्रॅक्सपर्ट हे सॉफ्टवेअर किंवा सिरिलचं स्वतःचं साधन वापरा, पण नमुन्याचे बिंदू देवयानीच्या बाहेरच्या भुजांवर पडू देऊ नका, नाहीतर आकाश समजून त्या भुजाच वजा होतील. दुसरं, रंग जुळवणं. सिरिल फोटोतले तारे ओळखून त्यांचे रंग गाया उपग्रहाच्या नोंदींशी ताडून बघतं. म्हातारे तारे असलेला देवयानीचा गाभा पिवळसर आणि तरुण ताऱ्यांच्या भुजा निळसर दिसल्या की समजा ठीक झालं.

मग ताणणं, थोडं थोडं करून. एसिन्ह (asinh) पद्धतीने ताऱ्यांचे रंग टिकतात. स्टारनेट या साधनाने तारे बाजूला काढून दीर्घिका वेगळी ताणायची आणि तारे परत बसवायचे, हेही जमतं, पण पहिल्या दोन-तीन फोटोंत ते करू नका, आधी मूळ डेटा ओळखायला शिका.

आकाश ठार काळं करू नका, ही माझी कळकळीची विनंती. फिकट गोष्टी तिथेच असतात. देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनचा एक प्रचंड कंस आहे, तो २०२२ मध्ये यान सेंती, मार्सेल ड्रेक्सलर आणि झाविए स्ट्रॉटनर या हौशी मंडळींना सापडला. त्याआधी हजारो लोकांनी त्याच दीर्घिकेचे फोटो काढले होते. तुमच्या एका रात्रीच्या फोटोत तो दिसणार नाही, त्याला खास फिल्टर आणि कितीतरी जास्त वेळ लागतो. त्याच कारणाने तीक्ष्णता वाढवणारी एआय साधनं जपून वापरा. ती नसलेले धुळीचे पट्टे आणून बसवतात, आणि मग खरं काय टिपलं होतं हे तुम्हालाच सांगता येत नाही.

पावसाळा सरतोय. ऑक्टोबरच्या अमावस्येच्या आसपासची एक रात्र ठरवा, लक्ष्य एकच ठेवा, देवयानी. आठ वाजेपर्यंत ती ईशान्येला चांगली वर आलेली असेल, मध्यरात्रीच्या सुमारास उत्तरेला सर्वांत उंच, साधारण सदुसष्ट अंशांवर. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून लावा, आणि तासाभराने पुन्हा तपासा, कारण गारवा वाढला की तो सरकतो. डार्क फ्रेमसाठी (सेन्सरच्या उष्णतेचा नॉइज वजा करायला काढायच्या) वेगळा वेळ काढावा लागत नाही : फ्लॅट झाले की कॅमेऱ्याला झाकण लावून त्याच आयएसओवर साठ सेकंदांच्या वीस फ्रेम चालू करून द्या आणि तोवर सामान आवरा. फक्त कॅमेरा गाडीत ठेवू नका, बाहेर टपावर ठेवा. सेन्सरचा हा नॉइज साधारण दर सहा अंश तापमानवाढीला दुप्पट होतो, म्हणून डार्कही त्याच हवेत काढलेले हवेत.