तेरा हजारांचा इम्पॅक्ट ड्रायव्हर की तीन हजारांचं ड्रिल?

वाकडच्या नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्या एका वाचकांचा प्रश्न: पडद्यांचे रॉड, टीव्ही, वॉटर प्युरिफायर, कपडे वाळत घालायच्या पुल्या, दोन-तीन फळ्या, अशी चाळीसेक भोकं पाडायची आहेत. सोसायटीत येणारा माणूस भोकामागे 100 रुपये मागतो. त्यापेक्षा दोन बॅटऱ्यांचा 18 व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर 13,500 ला, सहा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्यावा का? की 2,900 चं वायरवालं इम्पॅक्ट ड्रिल? पुढे बाल्कनीत लाकडी बाक करायचाही विचार आहे. घरकर्जाबरोबर फ्रिज आणि चिमणीचे हप्ते चालू आहेत.

तुमची यादी सगळी भिंतीची आहे, आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर हे भिंतीचं यंत्रच नाही. त्याचे ठोके फिरण्याच्या दिशेने बसतात. त्यामुळे लांब स्क्रू लाकडात सरसर जातो, मनगटाला झटका बसत नाही. विटेला किंवा काँक्रीटला ठोका लागतो तो बिटच्या, म्हणजे भोक पाडणाऱ्या सळीच्या टोकावर, समोरून. तो देतं इम्पॅक्ट ड्रिल, आणि त्याहून जोरात रोटरी हॅमर. म्हणजे 13,500 घालवूनही टीव्ही लावायला तुम्ही त्याच माणसाला फोन करणार.

आता हप्त्याचं. दुकानदार रोखीने 12,600 ला देतोय असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे 900 ची सूट गेली. त्यावर 199 प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी. बँक हप्त्यात जे व्याज दाखवते, त्यावरही जीएसटी लागतो, तो शंभराच्या आसपास. एकूण साडेबाराशे रुपये जास्त. रक्कम छोटी वाटते, पण दर महिन्याला मुद्दल फिटत असल्याने पैसे सरासरी साडेतीन महिनेच वापरायला मिळतात. वार्षिक दर काढला तर तो तीस टक्क्यांच्या वर जातो. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलं होतं. आधीच तीन हप्ते असताना चौथा नको, एवढं मी ठामपणे सांगेन.

राहिलं 2,900 चं ड्रिल. त्याचं उत्तर तुमच्या भिंतीत आहे, आणि भिंत कशाची आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आधी बिल्डरच्या ऑफिसात विचारा. ते जमलं नाही तर पहिल्या भोकातून पडणारी भुकटी बघा: लाल असेल तर वीट, पांढरट आणि मऊ असेल तर एएसी ब्लॉक (हलका, सच्छिद्र सिमेंटचा ठोकळा), करडी आणि बिट पुढे सरकत नसेल तर आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट.

वीट किंवा ब्लॉक असेल तर बेलाशक ड्रिल घ्या. 13 मिमी चक (बिट धरणारा जबडा), फिरण्याचा वेग कमी-जास्त करता येणारं. बिट, गिट्ट्या (स्क्रू पकडायला भोकात बसवतात ते प्लग), स्क्रू धरून साडेतीन हजारांत बसेल. माणसाचे होतात चार हजार. पुण्यात बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात चौकशी केलीत तर भावाचा अंदाज येईल, आणि पक्कं बिल मागाच. एएसी ब्लॉकमध्ये मात्र हॅमर मोड, म्हणजे ठोके देणं, बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन गिट्टी नुसती फिरत राहते.

पण अलीकडचे बरेच टॉवर मायव्हन पद्धतीचे असतात: ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती, स्लॅब एकदम ओतलेले. आतल्या भिंतीही काँक्रीटच्या. तुमचा तसा असेल तर हे ड्रिलही घेऊ नका. एकेका भोकाला घाम निघेल, बिटं जळतील आणि दुपारच्या झोपेवरून खालच्या मजल्याशी भांडण होईल ते वेगळं. रोटरी हॅमरवाला माणूसच बोलवा, पण आधी सगळ्या जागा पेन्सिलीने आखून ठेवा आणि एकाच दिवसात सगळं काम द्यायचं कबूल करून भाव पाडा. माणूस एकदा येऊन चाळीस भोकं पाडणार असेल तर साठ-सत्तरवर यायला हरकत नसावी. म्हणजे अडीच-तीन हजारांत काम संपलं, आणि माळ्यावर ठेवायला मशीनही नाही. सल्लागाराने 'विकत घेऊ नका, मजुरी द्या' म्हटलेलं लोकांना आवडत नाही, पण इथे हिशेबच तसा आहे.

दोन्ही बाबतींत एक खर्च विसरू नका. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली वायरी असतात, नळाच्या रेषेत पाइप. बाथरूमच्या ओल्या भिंतीत भोक पाडून गळती झाली तर टाइल्स फोडण्याचा खर्च या सगळ्या रकमांना मागे टाकेल. रेरा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचे असतात. तुमच्या ड्रिलने फुटलेला पाइप त्यात येत नाही. प्लंबिंगचा नकाशा आत्ताच मागून घ्या.

बाकाचं म्हणाल तर लाकूड घरात येईपर्यंत थांबा. लिथियमची बॅटरी नुसती कपाटात पडूनही म्हातारी होते, आणि एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या मशीनला बसत नाही. म्हणून ती वापर सुरू होण्याच्या महिन्यातच घ्यावी. काम खरंच निघालं आणि त्यानंतर पलंग, शूरॅक अशी यादी वाढली, तर रोखीने, एकाच बॅटरीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. दुसरी बॅटरी कमी पडतेय असं वाटलं तर ती सुटीही मिळते.