मीठ टाकलं, तरी दिवा लालच

प्रश्न : रामटेकजवळ आमचं कृषी पर्यटन केंद्र आहे. तिथल्या 50,000 लिटरच्या, मिठाच्या पाण्याच्या पोहण्याच्या तलावाला मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र आहे. त्यावर ‘मीठ कमी’चा दिवा लागतो. 50 किलोची दोन पोती टाकली, दिवा तसाच. पाणी हिरवं व्हायला लागलं.

उत्तर : भाऊ, तिसरं पोतं उघडू नका! दोन पोत्यांनी मीठ 2,000 पीपीएमनं, म्हणजे लिटरमागे 2 ग्रॅमनं, वाढलं. बहुतेक यंत्रांना एकूण 3,000 ते 3,500 लागतं. आधी मीठ मोजायच्या चाचणी-पट्टीनं मोजा. जास्त निघालं तर थोडं पाणी काढून साधं भरा, दुसरा इलाज नाही.

माझा संशय बोअरच्या जड, क्षारांच्या पाण्यावर; त्याची खपली धरते. वीज बंद करून सेल, म्हणजे यंत्राचा क्लोरीन बनवणारा पत्र्यांचा भाग, काढा. पत्र्यांवर पांढरी खपली असेल तर यंत्राला मीठ असूनही कमी दिसतं. पहिल्या उन्हाळ्यात मी ती स्क्रूड्रायव्हरनं खरवडली. टायटॅनियमवरचा लेप गेला, सेल बाद. बायको अजून ऐकवते. पातळ आम्लात पंधरा मिनिटं बुडवा. आम्ल पाण्यात ओतायचं, उलट नाही. हातमोजे, चष्मा हवाच.

हिरवं पाणी नितळ होईपर्यंत त्यात लेकरं उतरवू नका. तोवर बाजारातलं क्लोरीन टाका, पंप रात्रीही चालवा.