स्विफ्टला २० मिमीचे व्हील स्पेसर लावणं सुरक्षित आहे का?

स्विफ्टची चाकं आत दबल्यासारखी दिसतात म्हणून चारही चाकांना २० मिमीचे स्पेसर (चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये घालायच्या जाड चकत्या) लावायचा तुमचा विचार आहे, आणि दुकानदार म्हणतो, ‘नुसती चकती तर आहे, दहा मिनिटांत बसते.’ तो म्हणतो ती नुसती चकती अजिबात लावू नका. स्पेसर सरसकट वाईट असतात असं नाही. पोर्शेसारखी कंपनी ९११ साठी ५ मिमीचे स्पेसर स्वतः विकते, पण त्यांच्यासाठी लांब बोल्टही असतात. खरी गोम तिथेच आहे.

स्विफ्टच्या हबचे स्टड, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर चढतात ते आट्यांचे दांडे, १२ मिमी जाडीचे, आट्यांचं अंतर १.२५ मिमी. नट निदान स्टडच्या जाडीइतका तरी चढायला हवा, म्हणजे साधारण दहा फेरे. ५ मिमीच्या चकतीनेही त्यातले चार फेरे जातात. २० मिमीची घातली तर मूळ स्टडवर नट धरायला काही उरतच नाही. मग एक तर लांब स्टड ठोकून घ्यावे लागतात, किंवा स्वतःचे स्टड असलेला, हबला वेगळ्या नटांनी आवळायचा स्पेसर लागतो. बसवायचाच असेल तर हा दुसरा घ्या.

त्यातही मधलं भोक बघा. स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४ मिमीचा असतो आणि चाक त्यावर बसून मध्यावर येतं. जाड स्पेसर तो उंचवटा झाकून टाकतो. म्हणून स्पेसरचं भोक हबवर घट्ट बसायला हवं आणि बाहेरच्या बाजूला तसाच ५४ मिमीचा ओठ हवा. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून विकतात त्या स्पेसरना हे नसतं. चाक केसभर जरी मध्यापासून सरकलं तरी वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं, आणि त्या थरथरीने नट सैल होत जातात. ओतीव ॲल्युमिनियमचा स्वस्त माल तर हातातही धरू नका. आणखी एक, हबचे मूळ स्टड स्पेसरच्या बाहेर डोकावत असतील तर रिमच्या मागच्या बाजूला त्यांना खोबणी लागते. साध्या लोखंडी रिमला बहुधा ती नसते.

सगळं मापात बसलं तरी चाक २० मिमी बाहेर जातंच. बेअरिंगवरचा ताण वाढतो, खड्ड्याचा झटका स्टिअरिंगला जास्त जाणवतो, मागे तीन माणसं बसली की टायर मडगार्डच्या कडेला घासू शकतो.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही यावर बोट ठेवू शकते.

केवळ दिसण्यासाठी मी हे करणार नाही. रिम बदलायचेच असतील तर कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला दिलेले अलॉय घ्या. त्यात हब आणि चाक यांच्यामध्ये आणखी एक जोड येत नाही.

स्पेसर आधीच बसवले असतील तर चाकं काढून हबवरचा गंज घासून घ्या, नट एअर गनने न आवळता टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळायच्या पान्याने) मॅन्युअलमधल्या मापाला आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, स्पेसरच्या आतले नटसुद्धा. वाटेत स्टिअरिंग अचानक थरथरू लागलं किंवा चाकातून टकटक आली, तर गाडी तिथेच बाजूला घ्या आणि पाना लावून बघा.