"मॅडम, माझ्याकडं भाषेचं डोकंच नाही"

मी समुपदेशनाचं काम करते, आणि हे वाक्य माझ्याकडं इतक्या जणांनी बोलून झालंय की समोरच्यानं "मॅडम, माझ्याकडं" म्हणलं की पुढचं मला आपोआप कळतं. अलीकडं तर जास्तच, कारण आपल्या लातूर-नांदेड-परभणीकडची पोरं-पोरी जर्मनीच्या मागं लागलीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला आणि तेव्हापासून ट्युशन एरियात जर्मनच्या क्लासचे बोर्ड दिसायले. जाणाऱ्यांत नर्सिंग केलेल्या मुली भरपूर. आणि तिकडं गेल्यावर सहा-आठ महिन्यांनी घरी फोन येतो, मला जमंना गेलंय.

अशाच एका मुलीची ही गोष्ट. नाव-गाव सांगत नाही, ओळख पटू नये म्हणून दुसऱ्या एक-दोन केसेसमधले बारीकसारीक तपशील पण त्यात मिसळलेत.

आधी आली तिची आई. खुर्चीवर बसायच्या आधीच सुरू, "मॅडम, लेकरू रोज रातीला फोनवर रडायलंय. बारावीला त्र्याण्णव टक्के घेतलेलं लेकरू, अन् आता म्हणायलंय मम्मी मला काहीच येत नाही. परत बोलवू का तिला? पण लोन हाय व डोक्यावर." मी म्हणलं परत बोलवायचं का नाही ते नंतर बघू, आधी मला तिच्याशी बोलू द्या.

मग तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी व्हिडिओ कॉल, हिवाळ्यात तिकडची घड्याळं आपल्या साडेचार तास मागं असतात म्हणून इकडं संध्याकाळ झालेली. पहिल्या कॉलमध्ये मी भाषेवर काहीच बोलले नाही. झोप लागते का, जेवण जातं का, जगणंच नको असं कधी वाटतं का, हे सरळ शब्दांत विचारलं, कारण रोज रडणारी मुलगी डिप्रेशनमध्ये असेल तर तिला "सकारात्मक रहा" म्हणणं म्हणजे ताप न मोजता गार पट्टी ठेवणं. तशी परिस्थिती नव्हती. दमलेली होती, एकटी होती, आणि लाजलेली होती. खरा मुद्दा त्या लाजण्यात होता.

गेली होती बी-वन करून, म्हणजे जर्मनची मधली पातळी, बी-टू तिच्या वरची. वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून काम, आणि बी-टू झाल्यावर आपल्या नर्सिंगच्या डिग्रीला तिकडची मान्यता मिळायची पुढची प्रोसेस. गोएथे म्हणजे जर्मन भाषेच्या परीक्षा घेणारी संस्था, तिच्या बी-टू परीक्षेचे चार भाग असतात, वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात आणि राहिलेला भाग वेगळा परत देता येतो. हिचं वाचणं आणि लिहिणं निघालं होतं, ते पण चांगल्या मार्कांनी. ऐकणं आणि बोलणं गेलं. चारातले दोन निघाले आणि तरी हिनं स्वतःला काय सांगितलं, तर "मला जर्मन येत नाही". आणि घरी सांगितलं, रिझल्ट यायचाय अजून. रिझल्ट येऊन महिना झाला होता.

इथं मला एक जुना प्रयोग आठवला. कॅरल ड्वेक म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ आहेत, ग्रोथ माइंडसेट, म्हणजे मेहनतीनं आपली क्षमता वाढते असं मानणं, हा शब्द त्यांच्यामुळं सगळीकडं गेला. त्यांनी आणि क्लॉडिया म्यूलर यांनी १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेला अभ्यास छापला. मुलांना कोडी दिली, ती सुटल्यावर काहींना म्हणलं "तू हुशार आहेस", काहींना म्हणलं "तू मेहनत घेतलीस". मग मुद्दाम अवघड कोडी दिली. हुशार म्हणून कौतुक झालेली मुलं लवकर हिरमुसली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागं पडली, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की आपले मार्क दुसऱ्यांना सांगताना त्यातल्या बऱ्याच जणांनी वाढवून सांगितले. म्हणजे "हुशार" हे नाव सांभाळायला खोटं बोलावं लागलं. आमच्या पोरीचं तेच झालं होतं. पहिलीपासून "हुशार लेकरू" ऐकलेलं, ते नाव घेऊनच विमानात बसलेलं.

मी विचारलं, ड्यूटीवर कुणाचं बोलणं कळलं नाही तर काय करतेस? म्हणली, "मान हलवते, या-या म्हणते." या म्हणजे हो. मग कळलं नाही ते कुणाला विचारतेस? "रूमवर येऊन मोबाइलवर बघते, पण तोपर्यंत शब्दच आठवत नाही." सगळं दुखणं या एका सवयीत होतं. दिवसभर जर्मन बोलणाऱ्या माणसांत राहून ही पोरगी जर्मन लपवत होती. चूकच दिसू द्यायची नाही म्हणल्यावर ती दुरुस्त कोण करणार?

आता लोक म्हणतात हा सगळा लातूर पॅटर्नचा दोष, घोकंपट्टी वगैरे. मला ते पटत नाही, मी इथलीच आहे. मी तिला उलटं विचारलं, बारावीला टेस्ट दिल्यावर काय करायचीस? तर म्हणली, चुकलेले प्रश्न वेगळ्या वहीत उतरवायचे, दोन-तीन दिवसांनी परत सोडवायचे, परत चुकले तर सरांकडं जायचं. मी म्हणलं अगं, मग हेच ते! चुकीतून शिकणं तुला कुणी शिकवायची गरजच नाही, तू दोन वर्षं रोज तेच करत होतीस. फरक एवढाच की तिथली चूक कागदावर होती, तू आणि सर दोघंच बघणार. इथली चूक तोंडातून निघते आणि चारचौघं ऐकतात. ती गप्प झाली आणि मग हसली, पहिल्यांदाच.

मग ठरलं ते असं. तीच वही परत सुरू करायची, फक्त प्रश्नांच्या जागी दिवसभरात न कळलेली किंवा चुकलेली वाक्यं. आणि "या-या" बंद. त्याच्या जागी एकच वाक्य, नोख् आइनमाल बिट्टे, परत एकदा सांगा प्लीज. आधी ते सगळ्यांना नाही, एकाच माणसाला म्हणायचं. तिनं एक आजी निवडल्या, तिथंच राहणाऱ्या. गुडघ्यानं अधू पण डोकं एकदम तल्लख, आणि बोलायला कुणी नाही. तिनं जाऊन सांगितलं की मी चुकले की मला थांबवा. आजी जन्मभर बहुतेक याचीच वाट बघत असाव्यात, असं पोरगी म्हणली. वाक्य नीट आल्याशिवाय गोळ्या घेत नव्हत्या!

ऐकण्याचं कोडं वेगळंच निघालं. तो भाग जर्मनीच्या दक्षिणेतल्या श्वाबेनचा, तिथले म्हातारे-कोतारे बोलतात ती श्वेबिश बोली. "नाही" या शब्दाला पुस्तकातलं "निश्त" नसतं, "नेट" असतं, "इश्" म्हणजे मी, त्याचं नुसतं "इ" होतं. आता सांगा, पुण्यात पुस्तकावरून मराठी शिकलेला कुणी गोरा उदगीरच्या बाजारात आणून सोडला आणि त्याला म्हणलं "काय करायलाव बे, कुठं चाललाव", तर तो काय म्हणेल, माझे कान खराब आहेत? ही तेच म्हणत होती. परीक्षेत ऐकवतात ती प्रमाण जर्मन, कानावर दिवसभर पडते ती श्वेबिश, त्यामुळं दोन्हीसाठी वेगळा सराव लागणारच. हे कळल्यावर तिचं अर्धं ओझं उतरलं, कारण "माझ्यात कमी आहे" यापेक्षा "मी या बोलीचा सराव केलेला नाही" यावर काहीतरी करता येतं. ती रोज रेडिओच्या बातम्या ऐकायला लागली, एकच बातमी परत परत, आधी न बघता आणि मग मजकूर समोर ठेवून.

आणखी एक गोष्ट निघाली ती मला फार आवडली. ही जर्मन शिकलेली इंग्रजीतून, क्लासच तसा होता. ड्यूटीवर कुणी बीपी सांगितलं की आकडे उलटे लिहायची, १४५ चे १५४, आणि त्याची तिला सगळ्यात जास्त भीती, साहजिक आहे, पेशंटचा मामला. जर्मनमध्ये एकवीसला आइन-उंड-त्स्वान्त्सिश म्हणतात, एक आणि वीस. इंग्रजीत विचार करणाऱ्याला ते उलटं वाटतं. मराठीत? एकवीस, बावीस, पंचेचाळीस, आपणही एकक आधीच म्हणतो की! वर एकोणतीस-एकोणचाळीसचा आपला घोळ जर्मनमध्ये नाहीच. तसंच डेर-डी-दासचं, म्हणजे नामाच्या आधी लागून त्याचं लिंग दाखवणाऱ्या शब्दांचं. क्लासमध्ये सगळे रडतात की वस्तूला कसलं लिंग, पण आपण जन्मल्यापासून तो दगड, ती भिंत, ते झाड करतोय, नियम न शिकता. लिंगं जुळत नाहीत हे खरं, तिकडं सूर्य बाई आणि चंद्र बुवा आहे, पाठ करावंच लागतं, पण तीन लिंगांची सवय डोक्यात आधीच आहे. आणि "कारण मी आजारी आहे" याचं "वाइल इश् क्रांक बिन", शब्दाला शब्द लावून बघा, क्रम तोच, क्रियापद शेवटी. तिला म्हणलं बाई, इंग्रजीला जरा बाजूला बसव. मराठी मीडियममधून शिकल्याची जी लाज ती घेऊन फिरत होती तिचा इथं चक्क फायदा होता.

तिच्यासोबत काम करणारी एक तुर्की बाई होती, पंचवीसेक वर्षं तिथंच. डेर-डी-दास आजही चुकवते, आणि सकाळची यूबरगाबे, म्हणजे रात्रपाळीकडून चार्ज घेताना जे पेशंटनिहाय सांगणं असतं ते, सगळ्यात खणखणीत तीच करते. मी आमच्या पोरीला म्हणलं तिच्या व्याकरणाकडं नको, ती न कळल्यावर काय करते तिकडं बघ. तिनं बघितलं. म्हणली, "मॅडम, ती न लाजता तीन-तीनदा विचारते, आणि कुणी चिडत नाही."

इकडं आईचा पण अभ्यास होताच. रोजचा पहिला प्रश्न "परीक्षा कधी, पास होशील ना" हा बंद करायचा आणि विचारायचं, आज आजीनं काय शिकवलं. आईला ते पटंना, "मग हुशार म्हणू नको का मी माझ्या लेकराला?" मी विचारलं घरात अजून कुणी भाषा शिकलंय का, तर कळलं की तिचे सासरे निजामाच्या राज्यात उर्दूतून शाळा शिकले, १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर सगळं पालटलं आणि मोठेपणी मराठीत लिहायला शिकून सोसायटीचा हिशोब सांभाळला. आजही घाईत असले की उर्दूतच टिपून ठेवतात. मी म्हणलं हे लेकराला सांगा की, टक्के राहू द्या. त्या रात्री आजोबाच फोनवर आले म्हणे, आणि पहिल्या वर्षी मराठी लिहिताना काय काय चुका व्हायच्या ते हसत सांगितलं. मग तिनं रिझल्टचं खरं पण सांगून टाकलं. घरी कुणी काही बोललं नाही, वडील फक्त म्हणले परत फी किती लागते ते सांग.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला पाहिजे. ग्रोथ माइंडसेट म्हणजे आरशासमोर "मी करू शकते" म्हणणं नाही, आणि ती जादूची कांडी पण नाही. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, २०१९ मध्ये तो छापला, मागं पडलेल्या मुलांना फायदा झाला पण थोडासाच. नुसतं मन बदलून भागत नाही, वेळ पण लागतो. गोएथेवालेच सांगतात की शून्यापासून बी-टूपर्यंत ४५ मिनिटांचे ६०० ते ८०० तास, आणि आपल्याकडं क्लासवाले चार-सहा महिन्यांची गॅरंटी देतात. या पोरीला सलग रात्रपाळ्या लावल्या होत्या. रात्री सगळे झोपलेले, बोलणार कुणाशी? तिनं प्रमुख बाईंशी बोलून दिवसपाळी मागितली, जर्मनमधूनच मागितली, चुकतमाकत, आणि मिळाली. माझ्या सगळ्या सेशन्सपेक्षा त्या पाळीचा उपयोग जास्त झाला असेल असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पुढच्या वेळी बोलण्याचा भाग निघाला. ऐकण्यात ५७ पडले, तीन मार्कांनी गेलं. मी जरा धास्तीतच कॉल लावला, तर तिचं सुरू, कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत मार्क गेले, पुढची तारीख कधी आहे, वहीत काय वाढवायचं. त्याच्या पुढच्या प्रयत्नात तो पण निघाला.

आता ज्यांची पोरं जायचीत ते आई-बाप मला हमखास दोन गोष्टी विचारतात. एक, वय झालंय का? तीस-पस्तिशीतले नर्सभाऊ पण विचारतात हे. नेदरलँड्समध्ये १९७८ साली डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषिकांचा अभ्यास झाला, त्यात सुरुवातीच्या महिन्यांत किशोरवयीन मुलं आणि मोठी माणसं लहान लेकरांपेक्षा भराभर शिकली. उच्चार स्थानिकांसारखे येणार नाहीत कदाचित, पण कामापुरती भाषा येते. दुसरं, इंग्लिश कच्चं आहे, पाठवू का? इंग्लिशचं टेन्शन घेऊ नका. क्लास लावायच्या आधी एक तास मागच्या बेंचवर जाऊन बसा, आणि बघा त्या तासात सरच बोलतात का पोरं पण बोलतात, आणि पोरगं चुकल्यावर बाकीचे हसतात तेव्हा सर काय करतात. तेही हसत असतील तर फी भरू नका, दुसरा क्लास बघा.