मातीची ‘लवचिकता’ की ‘सुघट्यता’?

प्रश्न : आमच्या कुर्ल्याच्या सोसायटीच्या पुनर्विकासासाठी माती तपासणीचा अहवाल आलाय. सभासदांसाठी मराठी करताना ‘प्लॅस्टिसिटी इंडेक्स’ला ‘लवचिकता निर्देशांक’ म्हटलं तर चालेल का?

उत्तर : कृपया तसं लिहू नका. लवचीक वस्तू वाकवून सोडली की पूर्ववत होते, वेताची छडी होते तशी. ओली चिकणमाती नेमकी उलट वागते. धारावीच्या कुंभारवाड्यात चाकावरच्या गोळ्यात अंगठा दाबला की खळगा तसाच राहतो आणि तडाही जात नाही. या गुणाला ‘सुघट्यता’ म्हणतात. ‘आकार्यता’ हाही शब्द आहे, पण मला पहिला जवळचा वाटतो, कारण आपल्या ‘घडणे’चाच धातू त्यात आहे.

निर्देशांक मात्र बळ लावून नव्हे, पाण्यावरून ठरतो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट अ‍ॅटरबर्ग यांनी १९११ मध्ये माती किती ओलीला घडवता येऊ लागते आणि किती ओलीला वाहू लागते, त्या सीमा मांडल्या आणि पुढे आर्थर कासाग्रांदे यांनी त्यांच्या चाचणीला ठरावीक रूप दिलं. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती पाण्यात कालवून पितळी वाटीत थापतात, मधोमध चर पाडतात आणि दांडा फिरवून वाटी १ सेंमी उंचीवरून आपटत राहतात. २५ ठोक्यांत चराच्या कडा तळाशी १२ मिमी लांबीपर्यंत मिळाव्या लागतात. त्या वेळी मातीत जेवढं पाणी, ती ‘द्रव सीमा’. नेमके २५ क्वचितच येतात, म्हणून वेगवेगळ्या ओलीला ठोके मोजून आलेखावरून आकडा काढतात.

‘सुघट्य सीमे’ला सहसा यंत्र वापरत नाहीत. काचेवर हाताने मातीची सुरळी वळायची. ती ३ मिमी जाडीवर येताच तुटू लागली की थांबायचं; त्या वेळी मातीत जेवढं पाणी, ती सुघट्य सीमा. इथे वळणाऱ्याचा हात बसलेला लागतो.

दोन्हींतला फरक म्हणजे ‘सुघट्यता निर्देशांक’. समजा, द्रव सीमा ७० आणि सुघट्य सीमा ३०, तर निर्देशांक ४०. म्हणजे कोरड्या मातीच्या वजनाच्या ३० ते ७० टक्के पाणी असेपर्यंत ती घडवता येते.

आता ‘लवचिकता ४०’ वाचून सभासदांना जमीन दणकट वाटेल, आणि तीच खरी अडचण आहे. द्रव सीमा ५० च्या वर गेली की आपल्याकडच्या वर्गीकरणात माती उच्च सुघट्यतेची ठरते. साधारणपणे अशी माती भाराखाली जास्त दबते. खाडीकाठच्या मरीन क्लेमध्ये, म्हणजे समुद्री गाळाच्या चिकणमातीत, पायाची काळजी घ्यावी लागते ती यामुळेही. तेव्हा ‘सुघट्यता निर्देशांक’ लिहा, त्याखाली एका ओळीत अर्थ द्या आणि मूळ अहवालाशी ताडता यावं म्हणून आकड्याशेजारी ‘पीआय’ (प्लॅस्टिसिटी इंडेक्स) राहू द्या.